इटलीला कोणत्या घाटाने जावं?

येत्या सप्टेंबरात भाच्याकडे स्टुटगार्टला जायचं घाटतंय आणि तिथून मोटारीने इटलीला. गाडी तो चालवणार, शेजारी त्याची बायको, मागच्या सीटवर मी आणि त्यांची नऊ वर्षांची लेक. विमानाने हेच अंतर दीड तासाचं आहे. पण त्याला 'सीनिक रूट' हवा आहे. त्याने नकाशा पाठवला, त्यावर आल्प्समधून जाणाऱ्या चार-पाच रंगीत रेघा आणि खाली एक ओळ, "आत्या, तू इतिहासाची बाई. कुठून ओलांडायचं ते तूच ठरव."

त्याला वाटलं असेल, आत्या संध्याकाळपर्यंत कळवेल. तीन आठवडे झाले. शंभर पानी वही निम्मी भरली आहे आणि आत्ता कुठे माझं उत्तर तयार झालंय. ते एकट्या त्याला पाठवण्यापेक्षा इथेच लिहिते, म्हणजे घरातल्या इतरांनाही वाचता येईल. शिवाय शेवटी तुम्हा मंडळींकडे माझं एक काम आहे.

आपल्याकडे देशावरून कोकणात उतरायचं तर पहिला प्रश्न असतो, कोणता घाट? उत्तरेकडून इटलीत उतरणाऱ्यांपुढे निदान सव्वादोन हजार वर्षं हाच प्रश्न आहे. हॅनिबल इसवी सनापूर्वी २१८ साली सदतीस हत्ती घेऊन गेला, हे मी वर्गात कितीतरी वर्षं सांगितलं. मुलांना हत्ती फार आवडायचे. हत्तींच्या पुढचे आकडे मात्र कुणी लक्षात ठेवत नसे. पॉलिबियस लिहितो की ऱ्होन नदी ओलांडली तेव्हा त्याच्याकडे ३८ हजार पायदळ आणि ८ हजार घोडदळ होतं. इटलीत उतरले ते २० हजार आणि ६ हजार. वाटेत टोळ्यांशी लढाया झाल्या, बर्फ होतं, भूक होती. म्हणजे एका डोंगराने जवळजवळ निम्मी फौज खाल्ली. तो नक्की कोणत्या खिंडीतून गेला यावर विद्वान अजून भांडताहेत, त्यामुळे 'हॅनिबलच्या वाटेने जाऊ' हा भाच्याचा पर्याय मी पहिल्याच दिवशी खोडला.

वही भरता भरता एक गोष्ट लक्षात आली. हे डोंगर 'बघायला' जावं असं माणसाला फार उशिरा वाटू लागलं. अठराव्या शतकातले इंग्रज श्रीमंतांचे मुलगे शिक्षणाचा शेवटचा भाग म्हणून इटलीला जात. त्यांना हवं असे रोम, फ्लॉरेन्स, जुने पुतळे, चित्रं. आल्प्स ही मधली पीडा. माँ सनी नावाच्या घाटाशी आलं की त्यांच्या बग्ग्या सुट्या करून खेचरांवर लादत आणि साहेबाला गवताच्या विणीच्या खुर्चीत बसवून हमाल वर नेत. (डोली म्हणा ना! सप्तशृंगीला जुन्या लोकांनी पाहिली असेल.) १७३९च्या नोव्हेंबरात होरेस वॉलपोल आणि त्याचा मित्र, कवी थॉमस ग्रे, असेच चालले होते. वॉलपोलचं 'टोरी' नावाचं लाडकं कुत्रं बग्गीशेजारून धावत होतं. भर दिवसा लांडगा आला आणि डोळ्यांदेखत त्याला उचलून घेऊन गेला. असा प्रवास करणाऱ्याला कुठला सीन आणि कुठलं काय!

मग हालरने आल्प्सवर काव्य लिहिलं, १७६१ साली रूसोची कादंबरी आली आणि हळूहळू लोकांची नजर बदलली. आपल्याला शाळेत 'डॅफोडिल्स'मुळे ठाऊक असलेला वर्ड्सवर्थ १७९० साली विशीत असताना मित्राबरोबर पायी सिम्प्लॉन घाट चढत होता, आता माथा येईल, मग आल्प्स ओलांडल्याचा तो थोर क्षण येईल म्हणून. वाट चुकले. एका शेतकऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, आता खालीच जायचंय, ओलांडून झालं! बिचारा कवी आयुष्यभर ते विसरला नाही. माझ्या मते सीनिक रूटवाल्या सगळ्यांनी ही गोष्ट निघण्यापूर्वी वाचावी.

त्याच सिम्प्लॉनवरचा रस्ता नेपोलियनने बांधवून घेतला, १८०५ मध्ये पुरा झाला. कशासाठी? तोफा जाव्यात म्हणून. स्टेल्वियो घाटाचंही तेच. भाच्याचं खरं मन तिथे आहे, हे मला ठाऊक आहे. २७५७ मीटर उंची, एका बाजूलाच ४८ केसाच्या आकड्यासारखी वळणं, इंटरनेटवर त्याचे फोटो बघून तरुण मुलं वेडी होतात. तो रस्ता ऑस्ट्रियाच्या बादशहाने १८२० ते १८२५ मध्ये कार्लो दोनेगानी या इंजिनिअरकडून करून घेतला, कारण लोंबार्डी प्रांत नुकताच पुन्हा ताब्यात आला होता आणि व्हिएन्नाहून तिथे लवकर सैन्य पोचायला हवं होतं. १८५९ मध्ये लोंबार्डी हातची गेली. म्हणजे ज्या कामासाठी एवढा डोंगर कोरला ते काम चौतीस वर्षांत संपलं! उरली ती ४८ वळणं आणि मोटारसायकलवाले. मला साधा कुंभार्ली घाट लागतो. आवळासुपारी किती पुरणार? स्टेल्वियो रद्द.

नेपोलियनचा दुसरा घाट म्हणजे ग्रेट सेंट बर्नार्ड. हा मात्र मी सहज सोडला नाही. मे १८०० मध्ये सुमारे ४० हजारांची फौज घेऊन तो इथून गेला. तोफा गाड्यांवरून उतरवल्या, झाडांचे बुंधे पोखरून त्यात बसवल्या आणि माणसांनी दोरांनी ओढत बर्फातून वर नेल्या. दाविदचं चित्र सगळ्यांनी पाहिलं आहे, आपल्या पाठ्यपुस्तकांतही असतं. पांढरा घोडा दोन पायांवर उभा, लाल झगा वाऱ्यावर, हात वर. प्रत्यक्षात स्वारी खेचरावर होती आणि खेचराचा लगाम गावातल्या एका वाटाड्याच्या हातात होता. देलारोश नावाच्या चित्रकाराने पुढे पन्नासेक वर्षांनी ते खेचर आणि तो वाटाड्याही रंगवला. वर्गात दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून "यातलं खरं कोणतं आणि प्रसिद्ध कोणतं?" असं विचारलं की पुढे इतिहासाचे चार तास वाचतात.

घाटाच्या पायथ्याच्या बूर-सँ-प्येर गावाने त्या फौजेला खेचरं, लाकूड, भांडीकुंडी, माणसं दिली. पैसे मिळतील असं नेपोलियनने लेखी कळवलं. बिल तसंच राहिलं. १९८४ साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मितराँ यांनी प्रतीकात्मक भेट देऊन तो विषय मिटवला. एकशे चौऱ्याऐंशी वर्षं गावाने बिल जपून ठेवलं याचं मला फार कौतुक वाटतं. माथ्यावर अकराव्या शतकापासून साधूंचा मठ आहे, वाटसरूला आसरा देणारा, आजही सुरू असलेला. गळ्यात पिंप बांधलेल्या कुत्र्यांसाठी तो प्रसिद्ध झाला. कुत्री खरी, पिंप चित्रकाराने घातलेलं! नातीला हा घाट हवा होता, अर्थात कुत्र्यांसाठी. पण स्टुटगार्टहून तो फार आडवाटेला पडतो.

ब्रेनर सगळ्यात सखल, १३७० मीटर. रोमन लोकांपासून राबता, जर्मन सम्राट रोमला राज्याभिषेकाला जात ते बहुतेक इथूनच. १९४० च्या मार्चमध्ये हिटलर आणि मुसोलिनी इथे आगगाडीच्या डब्यात भेटले. आता उंच पुलांवरून महामार्ग जातो आणि त्यावर ट्रकांची मुंगीसारखी रांग. भाचेसून म्हणते तेवढा सीन तिला रोज ऑफिसला जाताना दिसतो. पण त्या रस्त्याने गेलात तर बोल्झानोला थांबून म्युझियममधला 'ओट्झी' बघा. ब्रेनरच्या पश्चिमेला, ३२०० मीटरवरच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेला, ५३०० वर्षांपूर्वीचा माणूस. आधी वाटलं वादळात सापडून गेला असेल. दहा वर्षांनी एक्स-रेमध्ये खांद्यात बाणाचं टोक दिसलं. आल्प्स ओलांडणारा आपल्याला माहीत असलेला सर्वांत जुना वाटसरू पाठीमागून मारला गेला होता, आणि त्याचं नाव आपल्याला कधीच कळणार नाही.

तर आता माझी निवड. गॉटहार्ड.

स्टुटगार्टहून सरळ दक्षिणेला झुरिक, लुत्सर्नचं सरोवर आणि मग रॉइस नदीची दरी. दरी शेवटी इतकी अरुंद होते की नदीलाच जेमतेम जागा. म्हणून तेराव्या शतकापर्यंत हा घाट बंदच होता. मग लोकांनी कड्याला साखळ्यांनी लाकडी फळ्या टांगल्या आणि नदीवर पूल घातला. तो पूल माणसाने बांधला यावर कुणाचा विश्वासच बसेना, म्हणून गोष्ट झाली की सैतानाने बांधला आणि मोबदल्यात पुलावरून जाणारा पहिला जीव मागितला. गावकऱ्यांनी बोकड सोडला पुढे. सैतान चिडला आणि पूल फोडायला भला थोरला धोंडा घेऊन निघाला. वाटेत दम खायला बसला तेव्हा एका म्हातारीने त्या धोंड्यावर गुपचूप क्रूस काढला. मग तो सैतानाला उचलेना. (शेवटी काम म्हातारीनेच केलं, याची नोंद घ्यावी.) तो २२० टनांचा धोंडा आजही आहे. १९७७ मध्ये महामार्गाच्या आड येत होता तर स्विस लोकांनी तीन लाख फ्रँक खर्चून तो १२७ मीटर बाजूला सरकवला, फोडला नाही.

या एका पुलाने स्वित्झर्लंड देश घडवला असं म्हटलं तर फार चुकणार नाही. जर्मनी आणि इटलीमधला सरळ रस्ता उघडला, खेचरांचे तांडे सुरू झाले, उरी नावाच्या कोपऱ्यातल्या डोंगरी खोऱ्याला एकदम किंमत आली. १२३१ मध्ये त्यांनी थेट जर्मन राजाकडून आपली सनद मिळवली आणि १२९१ च्या करारात शेजाऱ्यांबरोबर उरीही होतं. १७०८ मध्ये त्या टांगत्या फळ्यांऐवजी कड्यातून ६४ मीटरचा बोगदा खणला, आल्प्समधला रस्त्यासाठीचा पहिला. गटे १७७५ मध्ये इथे माथ्यावर आला, खाली इटलीकडे बघितलं आणि परत फिरला. पुढे इटलीला गेला तो अकरा वर्षांनी, ब्रेनरवरून.

याच पुलावर २५ सप्टेंबर १७९९ रोजी लढाई झाली. रशियाचा सुवोरोव, वय सत्तरीच्या घरात (म्हणजे आमच्याच बॅचचा), वीस-एकवीस हजारांची फौज घेऊन इटलीकडून वर चढून आला होता. पलीकडे फ्रेंच. पुलाजवळची कमान फ्रेंचांनी तोडली तेव्हा रशियन सैनिकांनी जवळच्या कोठाराची तुळई आणली आणि अधिकाऱ्यांच्या कमरेचे शेले सोडून त्यांनी ती बांधली, असं सांगतात. पार झाले. पण ज्या सैन्याला मिळायचं त्याचा झुरिकला पराभव झाला होता. पुढे बर्फातून आणखी तीन घाट ओलांडत सुवोरोव निसटला तेव्हा माणसं पंधरा हजारांवर आली होती. तिथे कड्यात बारा मीटर उंचीचा क्रूस कोरलेला आहे.

नातीला मी एक चित्र दाखवून ठेवलं आहे, कोलरचं 'गॉटहार्डची टपालगाडी', १८७३ सालचं. पाच घोड्यांची गाडी धूळ उडवत घाट उतरते आहे आणि पुढे एक वासरू जीव घेऊन पळतंय. तिने विचारलं, वासरू वाचलं का? चित्रकाराने सांगितलेलं नाही, म्हटलं. चित्र रंगलं तेव्हाच खाली डोंगराच्या पोटात रेल्वेचा बोगदा खणायला सुरुवात झाली होती, टपालगाडीचे दिवस भरलेच होते.

त्या बोगद्यावर मला थोडं थांबायचंय. १८७२ ते १८८२, पंधरा किलोमीटर. कामगार बहुतेक इटलीतले गरीब शेतकरी. आत तीस अंशांवर उष्मा, घोट्यापर्यंत पाणी, सुरुंगाचा धूर. हुकवर्म म्हणजे आकडेकृमीचा आजार त्यांच्यात असा पसरला की डॉक्टर मंडळींनी तो रोग इथेच नीट अभ्यासला. १८७५ मध्ये त्यांनी काम बंद केलं तर बंदुका चालल्या, चार जण मेले. एकूण बळी दोनशेच्या आसपास. कंत्राटदार लुई फाव्र हाही १८७९ मध्ये बोगद्यात पाहणी करतानाच हृदयविकाराने गेला. पुढच्या वर्षी दोन्ही बाजूंचं खोदकाम भेटलं तेव्हा पहिल्या भोकातून डब्यात घालून त्याचा फोटो पलीकडे पाठवला, मालकाने प्रथम पार व्हावं म्हणून. मला ती गोष्ट वाचून गहिवरून आलं खरं, पण लगेच मनात आलं, त्या दोनशेंचे फोटो कुणी काढले होते? व्हिन्चेन्झो व्हेला या शिल्पकाराने १८८२ मध्ये त्यांच्यासाठी एक शिल्प केलं, मेलेल्या सोबत्याला स्ट्रेचरवरून बाहेर नेणारे कामगार. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून केलं. त्याची ब्राँझ प्रत घाटापलीकडे ऐरोलो स्टेशनात आहे. तिथे मी दहा मिनिटं मागून घेतली आहेत.

मोटारींचा वेगळा बोगदा १९८० पासून आहे, जवळजवळ सतरा किलोमीटर. २००१ मध्ये त्यात दोन ट्रकांची टक्कर होऊन आग लागली, अकरा माणसं गेली. सुट्यांच्या दिवसांत तोंडाशी तासन् तास रांगा असतात. आपण वरून जायचं. माथा २१०६ मीटर, सप्टेंबरात उघडा असतो. उतरायला ट्रेमोलाचा जुना रस्ता, दगडी फरसबंदीचा, चोवीस वळणांचा. एवढं मी डोळे मिटून आणि गोळी घेऊन निभावेन. भाच्याचाही जीव रमेल.

पण गॉटहार्ड निवडण्याचं खरं कारण घाटाच्या खाली आहे. ऐरोलो, बेलिंझोना, कोमो, मिलान असं उतरलं की पिआचेन्झाला एक सरळ रस्ता लागतो. इसवी सनापूर्वी १८७ मध्ये रोमचा कॉन्सल एमिलियस लेपिडस याने तो आखला, पार समुद्रापर्यंत, रिमिनीला. अजून तोच मार्ग आहे, प्रांताचं नावही त्यावरून एमिलिया. त्या रस्त्यावर बोलोन्या ओलांडलं की सेनिओ नावाची लहानशी नदी आडवी येते. पुढे फाएन्झा, मग फोर्ली.

ही नावं आपल्या माहितीची असायला हवीत. सप्टेंबर १९४३ मध्ये आठवी हिंदी डिव्हिजन इटलीच्या टाचेशी, तारांतोला उतरली. मग चौथी आली, दहावी आली. त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या. आपण उत्तरेकडून जाणार, ते दक्षिणेकडून आले, दीड वर्ष, एकेक नदी, एकेक टेकडी घेत. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात, तुकडीतले सगळे पडल्यावर एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले. ठाणं घेतलं आणि तिथेच मारले गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. त्यांचं थडगं नाही, कासिनोच्या स्मारकावर नाव आहे. ९ एप्रिल १९४५ ला त्याच सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना सुरुंग पेरलेल्या काठावरून मागे आणलं, पुन्हा जाऊन मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली आणि बंधाऱ्यावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्यांना पुढे बोलावलं. तेही व्हिक्टोरिया क्रॉस. ते परत आले, १९८४ पर्यंत होते. तीन आठवड्यांत इटलीतली लढाई संपली.

मी इतकी वर्षं इतिहास शिकवला. नेपोलियनचं खेचर पुस्तकात असतं, सेनिओ नदी नसते. यांचा राजा परका होता, युद्ध कुणाचं हा प्रश्न राहतोच, आणि आपल्याकडे या मंडळींचं काय करायचं हे स्वातंत्र्यानंतर कुणाला नीट कळलं नाही असं मला वाटतं. इटलीत पाच हजारांहून जास्त हिंदी जवान गेले. फोर्लीला हिंदी सैन्याची वेगळी युद्धस्मशानभूमी आहे. जवळजवळ पाचशे थडगी, आणि ज्यांना अग्नी दिला अशा सुमारे आठशे जणांची नावं कोरलेलं स्मारक. इथे प्रत्येकाचं नाव आहे, ऐरोलोसारखं नाही.

आता काम. माझ्या आईचे एक मामा महाडकडून पलटणीत गेले आणि इटलीत पडले. घरात सगळे त्यांना बापूमामा म्हणत. आईच्या आजीला त्यांची पेन्शन मिळे, त्यासाठी ती अंगठा उठवायला महाडला चालत जायची, एवढं आई सांगायची. आता आई नाही, तिची भावंडंही नाहीत. युद्धस्मशानं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगाची नोंदवही आता घरबसल्या बघता येते, त्यात नाव, नंबर, पलटण, तारीख, पुष्कळांच्या पुढे वडिलांचं नाव आणि गावसुद्धा. पण 'बापू' या नावाने शोधून काही लागत नाही. रेजिमेंटचं केंद्र बेळगावला आहे, तिथे पत्र लिहिता येईल, पण लिहिणार काय? पलटणीत भरती होताना त्यांनी कोणतं नाव सांगितलं, ते सांगणारं आता आमच्याकडे कुणी नाही. ते फोर्लीला आहेत, की सांग्रो नदीकाठच्या दुसऱ्या स्मारकावर, हेही त्यावाचून कळायचं नाही. सांग्रोवर असतील तर मिलानवरून खाली आणखी मुक्काम वाढेल. भाचा म्हणतो, वाढू दे.

तेव्हा आईच्या आजोळकडच्या मंडळींनी, विशेषतः मुंबईला गेलेल्या शाखेने, जुन्या पत्र्याच्या पेट्या एकदा उघडून बघाव्यात. पेन्शनचं पुस्तक, तार, मनीऑर्डरची पावती, एखादं पदक. पदकाच्या कडेला बारीक अक्षरं असतात, ती भिंगाने बघा. व्हिसाचे कागद जुलैत द्यायचे आहेत, त्याआधी कळलं तर बरं. नाव नसलं आणि नुसता नंबर असला तरी चालेल.